बेवहळ्ळी दोनदा असलेला नकाशा

मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या कपाटामागे एक लांबट भेंडोळे उभे करून ठेवले आहे. त्याच्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत आणि वरच्या दांडीवर कोळ्याने जाळे विणले आहे. ते भेंडोळे म्हणजे मी, सोलापूर जिल्ह्याचा नकाशा. मला उलगडून पाहायला आता कोणाला सवड नसते. तेव्हा गुंडाळलेल्या अवस्थेतच मी तुम्हांला माझी हकीकत सांगतो.

माझा जन्म पुण्याच्या एका शिळाछापखान्यात झाला. गुळगुळीत दगडावर उलटी अक्षरे काढून ती माझ्या अंगावर सुलटी उमटवली गेली. मग एकेक रंग चढला. बार्शी तालुका गुलाबी, माढा पिवळा, करमाळा हिरवा. अक्कलकोटचा मुलूख संस्थानाचा म्हणून तेवढा पांढराच ठेवला. भीमा आणि सीना या नद्या निळ्या झाल्या, आगगाडीची वाट काळी झाली. मागे मांजरपाट चिकटवून, वर रोगण लावून, दोन्ही टोकांना दांड्या ठोकल्यावर मी तयार झालो. ते एकोणीसशे तेवीस साल होते. त्याच वर्षी आगगाडीने सोलापूरला आणि तिथून बैलगाडीने मंद्रूपच्या बाजूच्या या बाजारगावात, या शाळेत मी आलो.

तेव्हा इथे वेणीमाधव मास्तर होते. मूळचे वैरागचे. उंच, सावळे आणि जरासे तोतरे. मुलांना दटावताना अडखळत, पण माझ्यापुढे उभे राहिले की त्यांची जीभ सुटत असे. "हा ठिपका पाहा, हे माझे वैराग. बाजार मोठा, ज्वारीच्या थप्प्या अशा लागतात की पलीकडचा माणूस दिसत नाही. हा मोडनिंब. वाटेवरचे गाव, म्हणून पाहुणा तिथे कधी उपाशी जात नाही." असे म्हणत ते साऱ्या जिल्ह्यातून मुलांना फिरवून आणीत. मग म्हणत, "आता तुम्ही सांगा. तुमच्या गावाला हे नाव कसे पडले? तळे कोणी खणले? घरी विचारून या."

आणि मुले विचारून येत. कोणाचे गाव पुराने वाहून जाऊन टेकडीवर वसले होते. कोणाच्या गावाला एका विणकराने वेस बांधून दिली होती. सांगून झाले की प्रत्येक जण माझ्याजवळ येऊन आपल्या गावावर बोट ठेवी. मित्रांनो, त्या बोटांनी माझे रोगण जागोजाग झिजले. पण ती झीज मला दागिन्यासारखी वाटे.

माझ्या अंगावर, सीना नदीच्या अलीकडे, एक बारीक ठिपका आहे. त्याच्याशेजारी लिहिले आहे बेवहळ्ळी. कानडीत बेवु म्हणजे कडुलिंब, म्हणून हे लिंबाचे गाव. त्या गावासाठी सरकारातून विहीर मंजूर झाली आणि माझ्या शांत आयुष्यात खळबळ उडाली.

मी या शाळेत आलो त्याला तेव्हा चार-पाच वर्षे झाली असतील. एका दुपारी विहिरीच्या कामावरचे ओव्हरसियर खाकी टोपी हातात घेऊन वर्गात आले. त्यांच्यामागे बेवहळ्ळीचा रेवणप्पा होता. पंचविशीचा, अंगाने दणकट आणि रागाने लालबुंद.

"मास्तर, तुमी तरी ह्यास्नी सांगा," तो म्हणाला. "हे जुन्या गावात हीर खंदायला निगालेत. तितं आता कुत्रं बी न्हाय की!"

ओव्हरसियरांनी आपला कागद उघडला आणि माझ्याशेजारी धरला. दोन्हींवर ठिपका एकाच जागी होता. ते म्हणाले, "माझ्याकडे हुकूम आहे, बेवहळ्ळीत विहीर खणावी. सरकारी दप्तरात बेवहळ्ळी इथे आहे. तुमची वस्ती तर माळावर, तिथून कोसभर लांब. कागदावर तिथे नुसता माळच आहे."

मास्तरांनी त्यांना सारे समजावून सांगितले. पंचवीस वर्षांमागे बेवहळ्ळीत प्लेग आला होता. उंदीर मरून पडू लागले तशी माणसे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिली. पुढे साथ गेली, पण परत जायचा धीर कोणाला झाला नाही. झोपड्यांच्या जागी भिंती उभ्या राहिल्या. माळावर पाणी मात्र नव्हते. बायका ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीने घागर भरून आणीत.

ओव्हरसियर वाईट माणूस नव्हते. त्यांनी टोपी फिरवत थोडा विचार केला. "माळाच्या पायथ्याला पाणी लागेल, ते मी पाहिलंय. पण हुकूम बदलायचा तर मामलेदारांपुढे जावं लागेल. जुन्या गावातून उठून आलेल्या कोणीतरी तिथे सांगावं, की आम्ही ते गावठाण सोडलं, आता बेवहळ्ळी म्हणजे ही माळावरची. पुढच्या बाजारापर्यंत मी काम थांबवतो."

जुन्या गावात संसार केलेल्यांपैकी मामलेदारांपुढे जाण्याइतकी धडधाकट अशी एकच उरली होती, रेवणप्पाची आई शरणम्मा.

बाजाराच्या आदल्या दिवशी ती शाळेत आली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, हिरवे इरकली लुगडे, पायांत काही नाही. आयुष्यात तिने नकाशा पाहिला नव्हता. मास्तरांनी तिचे बोट धरून हळूच त्या ठिपक्यावर ठेवले.

"अव्वा, ही तुमची बेवहळ्ळी."

"येवढीशी?" ती हसली. मग बराच वेळ तिने बोट उचलले नाही. "हे हितनं उचलून माळावर न्यायचं म्हनता. मग हितं काय ऱ्हाईल?"

मास्तर अडखळले. "काही नाही, अव्वा. कोरी जागा."

शरणम्माने बोट ठिपक्यावर घट्ट दाबले. ते मला स्पष्ट कळले. "बेड," ती कानडीत म्हणाली. "नगं, मास्तर. हितं माझा धनी हाय. हितं माझ्या दोन लेकी हायत. आठ दिसांत तिगं गेले. ह्यो रेवण्या अंगावर पीत होता, ह्याला पोटाशी धरून भाईर पडले. समदी म्हनली, दसरा झाला की माघारी येऊ. कोन बी आलं न्हाय. वरसातनं एकदा मी येकटी जाऊन दिवा लावती. आता सरकारच म्हनाया लागलं की हितं कुनी नव्हतंच, तर त्यांनी जावं कुटं?"

"अव्वा!" रेवणप्पा ओरडला. "मेलेल्या मान्सास्नी पानी लागत न्हाय. जित्यांस्नी लागतंय!"

शरणम्माने पदर सावरला आणि ती निघून गेली. रेवणप्पा भिंतीला डोके टेकून उभा राहिला. बोलून गेला त्याचे त्यालाही वाईट वाटत होते. पण मित्रांनो, त्याची बायको गौरम्मा त्या वेळी पोटुशी होती आणि रोज डोक्यावर घागर घेऊन ओढ्याचा चढ चढत होती. त्याचे तरी काय चुकले?

मला रात्रभर काही सुचेना. खरे तर हे भांडण माझ्यामुळेच झाले होते. माझ्या अंगावर एका गावाला एकच ठिपका होता, आणि तो कोणाचा मानायचा हे मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी शरणम्मा पुन्हा दारात उभी. या खेपेला बरोबर गौरम्मा होती.

"मास्तर, गाडी जुपा," शरणम्मा म्हणाली. "मामलेदाराकडं जाऊ. मी सांगती."

मास्तर उठून दाराशी आले. "अव्वा, काल तर तुम्ही..."

"काल ह्या पोरीनं माझं डोळं उघडलं." तिने सुनेकडे हात केला. गौरम्मा खाली मान घालून उभी होती. "घरी गेले ती जेवले न्हाय. सांजच्याला ही म्हनली, 'अव्वा, मला तुमचं गाव दावा.' लगीन हून आल्यापास्नं कुनी असं म्हनलं नव्हतं. नेलं हिला. पडक्या भिती दावल्या, आमच्या दाराम्होरचा लिंब दावला. ह्या माज्या लेकी, म्हनलं. हिनं तितं दिवा लावला. आन म्हनली, 'अव्वा, हीर हितंच हू द्या. मी येत जाईन हितं पान्याला. कोसभर तर हाय. रोजच्या रोज दिवा बी हुईल.'"

शरणम्माने सुनेच्या पायांकडे बोट केले.

"ती म्होरं चालली हुती. तिच्या टाचा बघितल्या मी, मास्तर. भेगांत माती भरल्याली. सातवा म्हैना हाय तिला. जित्या लेकीला वाट तुडवाया लावून मेलेल्या लेकींस्नी काय सुख लागनार हाय?"

गौरम्मा पहिल्यांदाच बोलली, अगदी हळू. "मला खरंच जड न्हाय, अव्वा."

"तू गप," शरणम्मा म्हणाली, आणि आपल्या पदराने तिने सुनेच्या कपाळावरचा घाम टिपला.

त्या दिवशी मला भिंतीवरून उतरवून, गुंडाळून गाडीत ठेवले. शाळेत आल्यापासून मी प्रथमच बाहेर पडत होतो. रेवणप्पाने मला मांडीवर आडवे धरले होते. सोलापूर जवळ आले तसा मी गुंडाळीच्या फटीतून पाहू लागलो. माझ्या अंगावर सोलापूर म्हणजे नखाएवढा चौकोन. इथे तर गिरण्यांची धुराडी, किल्ल्याचे बुरूज, तळ्यात उभे असलेले सिद्धेश्वराचे देऊळ, मागांचा खडखडाट, कानडी, तेलुगू, उर्दू अशा सगळ्या बोलींचा गलबला. मला माझीच लाज वाटली. किती थोडे मावते माझ्यात!

कचेरीत मामलेदारांच्या मेजावर मला पसरले. चष्मा लावलेले ते वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांचे म्हणणे ऐकले आणि शरणम्माला विचारले, "बाई, तुम्ही जुनं गाव सोडलं हे खरं?"

"व्हय, सायेब. सोडलं. आता आमची बेवहळ्ळी माळावर हाय. चूल तितं पेटती."

एवढे बोलून ती थांबली. मग दोन्ही हात जोडून म्हणाली, "पर येक मागनं हाय. त्यो जुना ठिपका पुसू नगा. हीर माळावर खंदा, नाव माळावर बी लिवा. पर ह्ये ऱ्हाऊ द्या."

मामलेदारांनी चष्मा काढला. "बाई, एका नावाची दोन गावं केली तर हिशेबात घोटाळा होतो. पुढची छपाई होईल तेव्हा नाव माळावरच जाईल. ते माझ्या हातात नाही." मग ते मास्तरांकडे वळले. "मात्र हा नकाशा शाळेचा. मुलांना शिकवताना मास्तर त्याच्यावर काय लिहितात, ते पाहायला मी काही येत नाही. विहिरीचा हुकूम उद्या निघेल."

शाळेत परतल्यावर मास्तरांनी बोरू शाईत बुडवला. शरणम्मा, रेवणप्पा, गौरम्मा आणि वर्गातली सारी मुले माझ्याभोवती जमली होती. माळाच्या जागी मास्तरांनी एक नवा ठिपका काढला आणि लिहिले, बेवहळ्ळी. जुन्या ठिपक्याशेजारी त्यांनी बारीक अक्षरांत आणखी एक शब्द लिहिला, जुनी. छापखान्यात माझ्यावर पुष्कळ अक्षरे उमटली होती. पण ती काढताना कोणाचा श्वास असा अडकून राहिला नव्हता.

माळाच्या पायथ्याला खणताना दोन पुरुष खोलीवर खडक लागला. सुरुंग लावावे लागले. अखेर पाणी आले, आणि ते गोडे निघाले. पहिली घागर शरणम्माने ओढावी असे सारे म्हणत होते. तिने दोर गौरम्माच्या हातात दिला. गौरम्मा तेव्हा बाळंतपणातून उठली होती, आणि तिची तान्ही मुलगी शरणम्माच्या खांद्यावर झोपली होती. हे सारे बेवहळ्ळीच्या मुलांनी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले आणि मास्तरांनी ते दोनदा सांगायला लावले.

त्यानंतर काही वर्षांनी मास्तरांची मोडनिंबला बदली झाली. जाताना त्यांनी माझ्यावरची धूळ स्वतः पुसली. पुढे नवा नकाशा आला. चकचकीत कागदाचा, ठळक अक्षरांचा. त्यात बेवहळ्ळी माळावर आहे आणि जुन्या जागी काहीच नाही. तो बरोबर आहे, मी त्याला दोष देत नाही. पण त्याला भिंत मिळाली आणि मला कपाटामागचा कोपरा. उन्हाळे गेले, पावसाळे गेले. मांजरपाट कुजू लागले. आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही, असे मला वाटू लागले.

गेल्या वर्षीची गोष्ट. एके दिवशी बेवहळ्ळीचे एकही मूल शाळेत आले नाही. दुसऱ्या दिवशी नव्या मास्तरांनी रागाने कारण विचारले. गौरम्माची मुलगी उभी राहिली. ती तेव्हा तिसरीत होती.

"गुरुजी, आमची आज्जी वारली. तिला माती द्यायला समदा गाव गेला हुता."

"कुठे?"

"जुन्या बेवहळ्ळीला. आजोबांच्या शेजारी. पयल्यांदा समदी भ्याली. मग आई म्होरं झाली, आन समदी मागनं आली."

नव्या मास्तरांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवले. जुनी बेवहळ्ळी त्यांना कुठेच सापडेना. तेव्हा आईकडून माझी गोष्ट ऐकलेली ती मुलगी कपाटामागे गेली, मला दोन्ही हातांनी ओढत बाहेर आणले आणि जमिनीवर उलगडले. मास्तर गुडघ्यांवर बसले. त्यांनी ते बारीक अक्षर वाचले. मग पुन्हा वाचले. "इथे किती घरं होती गं?" त्यांनी विचारले. तिला ते ठाऊक नव्हते. "आईला इचारून सांगती," ती म्हणाली.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर टांगा असे मी म्हणत नाही. नवा नकाशाच तुम्हांला आता शिकवील. पण सुट्टी लागण्यापूर्वी एकदा मला उन्हात पसरा, कसर झटका आणि फाटल्या जागी खळ लावा. आणि तुमच्या घरी एखादे म्हातारे माणूस अजून चालू शकत असेल, तर त्याला म्हणा, मला तुमचं जुनं गाव दाखवा. फार उशीर करू नका. वाट दाखवणारे माणूस आहे तोवर त्याच्याबरोबर जाऊन या, आणि येताना तिथे कोण कोण राहत होते त्यांची नावे विचारून घ्या.