सहादूतात्याचं ऑपरेशन

कुणी विश्वास ठेवणार नाही, पण तो पत्र्याचा बिल्ला गरम होता — कोंबडीखालून नुकतंच काढलेलं अंडं असतं तसा — आणि सहादूने तो मुठीत दाबला तर आत काहीतरी हललं, शपथ. आता सकाळपासून खडीच्या ढिगावर पडलेला पत्रा गरम होणार नाही तर काय, असं मालनबाई म्हणाली असती. बायकोला कशाचंच नवल वाटत नाही, ही तिची जन्माची खोड. बिल्ला बत्ताशाएवढा. वर लाल त्रिकोण, कुटुंबनियोजनाचा. कालच्या नर्सबाईंच्या पिशवीवरून निसटला असणार. सहादूने इकडेतिकडे पाहिलं आणि तो आपल्या बंडीला, बरोबर छातीवर, टोचला. टोचला मात्र — गोष्ट सुरू झाली. गोष्टी त्याला सुचत नसत, चावत. ढेकणासारख्या. एक चावली की माणसाला गप बसवतं का?

शेवगावकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम होतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गावाची वाट चुकलेला, शेतं उघडी पडलेली, आणि सगळं गाव उठून दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेलं. पण गंमत अशी की, एरवी बांधावरून एकमेकांचं तोंड न बघणारी भावकी इथं मांडीला मांडी लावून बसली होती, बायका पुरुषांदेखत मोठ्याने बोलायला लागल्या होत्या, आणि सहादूला साठीच्या घरात पहिल्यांदा आयते श्रोते मिळाले होते; हातात हातोडा असलेला माणूस उठून जात नाही. असं सुख सुगीतही मिळालं नव्हतं.

एकच माणूस ऐकत नव्हता. शेजारच्या ढिगावर जालिंदर, त्याचा थोरला, मान खाली घालून दगड फोडत होता — फोडत कसला, दगडाला काहीतरी विचारत होता, आणि दगड सांगत नव्हता म्हणून पुन्हा मारत होता. दिवाळीपासून हे असंच. दिवाळीपासून तो ओट्यावर झोपतो, थंडीतसुद्धा. आत भागिरथी, त्याची बायको, तिन्ही पोरींना घेऊन. दोघांत भांडण नाही, अबोला नाही… भीती आहे. नवरा बायकोच्या अंथरुणाला भितो, असलं कधी ऐकलंय? सहादूनेसुद्धा असली गोष्ट रचली नसती.

दिवाळीत तिसरी झाली तेव्हाची ती गाडी… बैल चालता चालत नव्हते, गाडीतला कडबा भिजत चालला होता, कशाने ते कुणी बोलत नव्हतं, आणि सुईण म्हणत होती, हिला झोपू देऊ नका, डोळे मिटू देऊ नका. जालिंदर कासरा धरून नुसता रडत होता. मग सहादू बोलायला लागला. लग्न होऊन आल्यापासून सून सासऱ्यापुढे तोंड उघडून बोलली नव्हती, पदर कपाळावरून हलला नव्हता. पण त्या वाटेवर त्याने तिला विहिरीत पडलेल्या उंटाची सांगितली, भोपळ्यात संसार थाटलेल्या मामाची सांगितली, आणि गोष्ट संपत आली की थांबायचा. जीव मुठीत धरून थांबायचा. आणि कडब्यातून, लांबून, आवाज यायचा — "मंग… फुडं काय झालं, मामंजी?" शेवगाव येईपर्यंत उंट वर निघाला नव्हता. डॉक्टरने तिला वर काढली. आणि वर म्हणाला, पुढचं बाळंतपण ही बाई काढणार नाही. अंगात रक्त नाही, तिचं ऑपरेशन इतक्यात करता येणार नाही. नवऱ्याचं करा, चिमटीएवढं काम आहे, संध्याकाळी घरी.

जालिंदर तेव्हा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला होता. सहादूला ते कळलं. प्रत्येक शेतकऱ्याला कळलं असतं. गावातल्या एकूण एक पुरुषाने कधी ना कधी गोऱ्हा बडवताना, म्हणजे अंड ठेचून त्याचा बैल करताना, त्याच्या पायाचा दोर धरलेला असतो. तो आडवा पाडलेला गोऱ्हा, ते लाकूड, तो आवाज — आणि नंतरची ती गरीब नजर. ऑपरेशन म्हणजे तेच, अशी साऱ्या रानाची समजूत. काल जीपमधून आलेल्या नर्स, सुमनबाई, कंठशोष करून सांगत होत्या, अहो बडवणं वेगळं, हे वेगळं, यात माणसाचं काही जात नाही. पण सांगताना त्याही लाजल्या, आणि ऐकणारे सगळे कुणाच्या तरी मागे लपले. आज दुपारच्या सुट्टीला जीप पुन्हा यायची होती, शेवगावच्या शिबिराला माणसं न्यायला. जालिंदर हो म्हणाला नव्हता. नाहीही म्हणाला नव्हता. दगड फोडत होता.

जीप आली. शिट्टी झाली, हातोडे थांबले, लिंबाखाली फडकी सुटली. सुमनबाई उतरून उभ्या राहिल्या. कुणी त्यांच्याकडे बघेना. आणि तेवढ्यात कानिफनाथने, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नसतं त्या कानिफनाथने, बिल्ला पाहिला.

"तात्या, ह्ये काय? पोलिसात भरती झालात?"

झालं. गोष्ट चावली.

"ह्यो व्हय?" सहादू भाकरी मोडता मोडता म्हणाला. "ह्यो जुना हाय. माझ्या आपरेशनचा."

लिंबाखालची सगळी तोंडं चावायची थांबली. जालिंदरचंही.

"कंदी केलंत?"

"येशीवर ईज पडली त्या साली. नगराला कांदा घिऊन गेल्तो. तिथं एक डॉक्टर गिऱ्हाइकं हुडकत हिंडत हुता. म्हनला, बाबा, लई ताकदीचा गडी दिसतोस, तुझ्यावर करून बघतो. म्या म्हनलं, कर. पान खात हुतो, पान संपायच्या आत झालं."

"दुखलं?"

"सुपारी कडक हुती, दाढ दुखली."

हसले. पण हसणं नेहमीचं नव्हतं, त्यात कान होते. सहादूला ते कातडीवर कळलं. नेहमी तो हसण्यासाठी सांगे. आज तो पुन्हा त्या दिवाळीच्या गाडीत बसला होता आणि मागे कडबा होता… सांग, सहादू, थांबू नको.

"मंग निघालो माघारी. करंजीच्या घाटात आलो तर डावा बैल बसला. उठंना. कसला बैल? चांगला बडवलेला, जवान. आन् मी ह्यो असा, ताजं आपरेशन. म्हनलं, आता रं? उचलला बैल, घातला गाडीत, आन् त्याच्या जागी सोता जुवाला लागलो."

"आन् उजवा बैल?"

"त्याला पळावं लागलं की माझ्यासंगं! घाटाच्या मध्यावर एक मालट्रक हुती, तिला मागं टाकली. डायवर हात जोडतोय."

"आन् गाडीतला बैल काय म्हनला, तात्या?"

"म्हनला, जरा हळू. मला गाडी लागती."

आता बायकाही हसत होत्या, पदर तोंडात धरून, आणि पदर सुटून. सुमनबाईंनी जीपच्या टपाला हात टेकला होता. सहादूच्या अंगात मुंग्या आल्या — त्याला खरंच आठवायला लागलं होतं, तो घाट, खांद्यावरचं जू, मागे बैलाचं सुस्कारणं. ऑपरेशनची जागासुद्धा आठवली, तिथं थोडं हुळहुळलंच. मी काय खोटं बोलतो? पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालावं लागतं, एवढंच. आणि बोलता बोलता त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं — जालिंदरची मान वर होती. दिवाळीपासून पहिल्यांदा. तोंड किंचित उघडं, लहानपणी गोष्ट ऐकताना असायचं तसं, आणि त्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होत होतं, ओल्या दोराची गाठ सुटावी तसं… अजून एक हिसका. एकच.

"आन् घरी आलो त्ये काय निजलो? दुसऱ्या दिशी मोटंला जुपलो, चार बैलांचं पानी एकट्यानं. समदं जागच्या जागी, गड्यांनो. ईज पडली त्या सालापून आजपोतर कंदी काय कमी पडलं न्हाई. इचारा आमच्या घरात."

हे शेवटचं बोलायला नको होतं.

मालनबाई पलीकडे बसून ठेचा वाटून देत होती. तिने वर पाहिलं. मीठ कुठे ठेवलंय असं विचारावं, तितक्याच थंडपणे, पण साऱ्या लिंबाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "अवो, ईज पडली त्या साली तुमचं आपरेशन झालं. आन् आपली धाकली लंका झाली त्याच्या फुडच्या पोळ्याला. मंग लंका कुनाची वो?"

आणि मग जे उसळलं — बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या, कानिफनाथ पाण्याचा घोट घेत होता तो नाकातून आला, सुमनबाई जीपमागे गेल्या. बायकांत बसलेली भागिरथीही हसत होती. सासऱ्यासमोर, पदर खांद्यावर, दात दिसतील अशी. हा आवाज सहादूने कधी ऐकलाच नव्हता, आणि मालनबाई त्याच्याकडे रोखून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता; स्वतःची अब्रू चारचौघांत हसण्यावारी फेकून ती मजेत ठेचा वाटत होती.

"मंग आता बसा की जीपीत!" कानिफनाथ नाक पुसत ओरडला. "खोटं खरं करा, तात्या!"

सहादू उठायला गेला आणि… बसला. एक हात नकळत धोतराच्या सोग्याकडे गेला, आणि आडव्या पाडलेल्या गोऱ्ह्याची ती नजर त्याच्या डोळ्यांपुढे उघडली. घाट, जू, मालट्रक — काही नव्हतं. तो आणि ते लाकूड.

जालिंदर बघत होता. हसता हसता त्याचे डोळे बापाच्या हातावर आले, तिथून तोंडावर, आणि त्याचं हसू थांबलं नाही, नुसतं खोल गेलं.

"तात्या," तो म्हणाला, अगदी मोकळ्या आवाजात, "म्हंजी तुमी बी भेता व्हय?"

उत्तर जिभेवर तयार होतं. लांडगा होता, पूर होता, एक इंग्रज साहेबसुद्धा होता. सहादूने ते सगळे जाऊ दिले. जन्मात कितीदा पकडला गेला असेल, पण इतक्या आतून कुणी पकडलं नव्हतं, आणि पकडणारा तोंडभर हसत होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला. जालिंदर उठला आणि जीपकडे वळता वळता त्याने बापापुढे हात केला; सहादूला भीती वाटत होती आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम, आणि एकाला वाट द्यावी तर दुसरं आधी पळत होतं.