दोन हात युरिया

आमच्या घरापुढचं गवत मी जाळलं. काडी न लावता. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी लेक ते सगळ्यांना सांगत सुटली आहे.

मी रंगारी. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या. गवत हे माझ्या बायकोचं काम. मी खुर्चीत चहा पीत बघायचो. रंगाच्या एका रिकाम्या डब्यात युरिया घेऊन ती आधी फाटकापासून दारापर्यंत उभी फेकत जायची, नंतर कुंपणापासून कुंपणापर्यंत आडवी.

"दुसरा हात देतेस होय?" मी म्हणायचो.

"तुम्ही चहा प्या."

ती गेली त्याला चार महिने झाले. गवत फिकं पडायला लागलं तसा मी डबा काढला. डबाभर उभा हात दिला. रंगाचा पहिला हात नीट वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नसतो, म्हणून पाणी घातलं नाही. दुसऱ्या दिवशी डबाभर आडवा हात.

आठवड्यात सगळं तपकिरी.

ती एकाच डब्याचे दोन भाग करायची आणि वर लगेच भरपूर पाणी द्यायची, हे शेजारच्या वहिनींनी सांगितलं. इतकी वर्षं बघत होतो, पण डबा भरताना बघितलं नाही, आणि पाण्याच्या वेळेला माझं तोंड पेपरात असायचं.

त्या दिवसापासून खत धुऊन खाली जावं म्हणून आठवडाभर रोज पाणी सोडलं. नंतर दोन दिवसांआड, पण खोल. डब्यावर बरोबर मध्यावर लाल ऑइल पेंटची रेघ मारली.

तीन आठवड्यांनी लेक आली ती फरशीवाल्याला घेऊनच.

"बाबा, सगळीकडे फरशी घालून टाकू. झाडलं की झालं."

"आता उरलेलं आयुष्य झाडू मारत बसू का?"

"तुमच्या गुडघ्यांसाठी म्हणतेय."

"गुडघे माझे आहेत."

"आई असती तर..."

"आई असती तर तिने मला झापलं असतं. फरशी घातली नसती."

फरशीवाल्याने टेप ओढली. "काका, मेलेल्या गवतावरून कशाला भांडताय? फरशीला खत लागत नाही."

"शेवाळ धरतं. ते घासायला तू येणार का?"

तो हसला आणि माप लिहायला लागला. मी लेकीकडे वळलो. "आई काय करायची गवत सुकलं की?"

"ओढून बघायची," ती हळूच म्हणाली. "हातात आलं तर मेलं. नाही आलं तर मूळ जिवंत."

"मग ओढ. हातात आलं तर घाल फरशी. मी एक शब्द बोलणार नाही."

बोललो खरा. पण तीन आठवड्यांत मी स्वतः एकदाही ओढून बघितलं नव्हतं. धीर झाला नव्हता.

ती फाटकाशी उकिडवी बसली. चिमटीत धरून ओढलं. सगळा झुपका वाळक्या मुळांसकट हातात आला. फरशीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी कुंपणाकडे.

लेकीने तो झुपका बाजूला ठेवला. हातभर पुढे सरकली. ओढलं. आलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. पात तुटली, मूळ राहिलं. आणखी पुढे सरकून ओढलं. तिथेही राहिलं. दारापर्यंत ती तशीच बसून ओढत आली, आईसारखीच, साडीला माती लागतेय याचं भान नसलेली.

"फाटकाकडचं मेलंय, बाबा."

"तेवढं पुन्हा लावीन. दाराकडचे झुपके काढून."

"आणि खत?"

"नवीन पात दिसेपर्यंत नाही. त्यानंतर रेघेपर्यंत उभा, रेघेपर्यंत आडवा. वर पाणी."

तिने डबा उचलला, लाल रेघ बघितली आणि डोळे पुसले. मातीचेच हात लावले डोळ्यांना.

फरशीवाल्याने टेप गुंडाळली आणि सरळ मधून फाटकाकडे निघाला.

"ए," मी म्हटलं, "गवतावरून नाही. कडेकडेने जा."