फाइल अडवणारा हात

"गेली! गेली! गेली!"

सगळं ऑफिस साहेबांच्या टेबलाभोवती गोळा झालं होतं. पडद्यावरची निळी पट्टी सरसर पुढे धावत होती. सकाळपासून याच पट्टीने सगळ्यांना रडकुंडीला आणलं होतं. आता ती टोकाला जाऊन टेकली आणि खालच्या वर्कशॉपमधून मिस्त्रींची आरोळी आली, "आली रे बाबा, कपाटाची फाइल आली!" पाठोपाठ करवत घरघरू लागली.

टाळ्या पडल्या. हिशेबनीस बाईंनी तर हातच जोडले.

मधोमध लहरीगुरू उभे होते. अंगात कोट, पायात चकचकीत बूट, हातात काटकोनात वाकवलेली तांब्याची सळई. "मी बुवा नाही, बाबा नाही," ते आल्याआल्या म्हणाले होते. "मी शास्त्र सांगतो. क्लाउड म्हणजे ढग. ढग म्हणजे पाणी. कॉम्प्युटर म्हणजे आग. आगपाण्याचं भांडण जुंपलं की फाइल मध्येच लोंबकळते. मी फक्त समेट घडवतो."

समेटासाठी त्यांनी साहेबांचा सोडून सगळे कॉम्प्युटर बंद करवले, फोन बंद करवले, सगळ्यांना डोळे मिटून छातीवर हात ठेवायला लावले. डोळे उघडले, तर फाइल पळत होती.

लोकांचं तरी काय चुकलं म्हणायचं? फर्निचरचा कारखाना. वरच्या मजल्यावर कपाटांची, टेबलांची ड्रॉइंगं बनायची आणि क्लाउडवरच्या सामायिक फोल्डरमध्ये जायची. खाली मिस्त्री ती उतरवून घ्यायचे आणि फळ्या कापायचे. मध्ये फक्त एक जिना. पण तो उतरायला फाइलला अर्धा दिवस लागायचा. खाली कारागीर हातावर हात ठेवून बसायचे, गिऱ्हाइकं फोनवर शिव्या घालायची, आणि साहेब फेऱ्या मारून मारून फरशी झिजवायचे.

"पण हा तात्पुरता इलाज," लहरीगुरूंनी आवाज खाली आणला. "अडथळा याच खोलीत आहे. चालताबोलता आहे."

सळई हळूहळू वळली आणि ड्रॉइंग करणाऱ्यांतल्या एका मुलीसमोर थांबली. ऑफिसात तिला 'नवी' म्हणत. तिच्यानंतर कुणी लागलंच नव्हतं, म्हणून ते नाव चिकटलं होतं.

"मी?" नवी एक पाऊल मागे सरकली.

"माणूस वाईट नाही हो. हात जड आहे. दोन दिवस घरी ठेवा, मग बघा."

दोन दिवस नवी घरी बसली. दोन्ही दिवस ऑफिसात फाइली वाऱ्यासारख्या पळाल्या. दुसऱ्या संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "उद्या येऊन राजीनामा देऊन जा, बाई. मला वाईट वाटतंय. पण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय."

नवी घरात नुसती येरझाऱ्या घालत होती. भांडं उचलायची, ठेवायची. नवऱ्याने फोन पुढे केला, तर तिने हात मागे घेतला. "नको. तुझाही बिघडेल."

सासूबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "वा! माझ्या घरात एवढी शक्ती नांदतेय आणि मला पत्ता नाही? लग्नाला किती वर्षं झाली, या मिक्सरला तुझाच हात लागतोय. तो मेला अजून ठणठणीत आहे."

"थट्टा नका करू, आई. मी नसले की फाइली पळतात. हे खरंच आहे."

"खरं असेलही. मी कुठे खोटं म्हणते? बस इथे. त्या माणसाने आल्यावर आधी काय विचारलं?"

"कधीपासून हळू झालं. आणि त्या सुमारास कोण नवीन आलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं."

"मग सळईच्या आधी साहेबच तुझ्याकडे वळले की गं!" सासूबाईंनी कपड्यांच्या हँगरची तार वाकवून मुठीत सैल धरली. मनगट हललेलं दिसलंसुद्धा नाही, पण तार गर्रकन फिरून जेवत बसलेल्या मुलावर थांबली. "घ्या. माझाच मुलगा अपशकुनी निघाला."

"आई, जेवू तरी दे," तो म्हणाला.

नवीला हसू आलं. सासूबाई तिच्याजवळ सरकल्या. "आता नीट विचार कर. तू घरी असतेस तेव्हा ऑफिसात काय काय नसतं?"

"मी नसते."

"आणखी?"

"आणखी काय?... माझी खुर्ची रिकामी असते. माझा कॉम्प्युटर बंद—"

तिने चमकून सासूबाईंकडे पाहिलं.

"दोन गोष्टी एकदम काढल्या," सासूबाई म्हणाल्या, "आणि दोष एकीलाच दिला. आता त्या वेगळ्या करून बघ."

दुसऱ्या दिवशी लहरीगुरू खोलीतल्या लहरी शांत करणारी तांब्याची चकती ठोकायला आले होते. नवी साहेबांसमोर उभी राहिली. "राजीनामा देते. पण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय ना? मग अजून एकदा पाहा. मी रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहते. माझा कॉम्प्युटर चालू ठेवा, आणि माझ्या खुर्चीत बसून तुम्ही एक फाइल पाठवा."

"अशाने लहरी खवळतात!" लहरीगुरू पुढे झाले.

"खवळू द्या," मिस्त्री जिन्यातून म्हणाले. "आमच्या करवती केव्हाच्या खवळल्यात."

नवीने आपला कॉम्प्युटर सुरू केला आणि ती बाहेर पडली. रस्त्यापलीकडे उभी राहिली, तरी पाय ठरेनात. खिडकीत फक्त पाठी दिसत होत्या. पट्टी पळाली तर? मग खरंच आपल्याच हातात काही आहे असं मानायचं? तिने तळहात पदराला पुसले, पुन्हा पुसले. एक गाडी गेली. दुसरी गेली.

खिडकीतून मिस्त्रींचं डोकं बाहेर आलं. "अडकली! अगं, अडकली! ये वर!"

फाइल अडकल्याचा एवढा आनंद त्या कारखान्यात कुणाला झाला नसेल. नवी धावत वर आली.

"तिची लहर खुर्चीत मुरलीय," लहरीगुरू सांगत होते.

"मग मुरलेली लहर ते दोन दिवस कुठे सुट्टीवर गेली होती?" मिस्त्रींनी विचारलं. हिशेबनीस बाई फिस्सकन हसल्या.

नवीने आपला कॉम्प्युटर बंद केला, हिशेबनीस बाईंच्या जागी बसली आणि तीच फाइल आपल्या हाताने पाठवली. पट्टी सुटली ती थेट टोकाला. खाली करवत सुरू झाली.

मग तिने आपला कॉम्प्युटर पुन्हा लावला आणि कोपऱ्यात गोल फिरणारा बारीकसा बाण दाबला. तो ती रोज बघायची, कधी उघडला मात्र नव्हता. आत फाइलींची रांगच लागली होती. जुन्या कपाटांचे फोटो, यंत्रांच्या भल्यामोठ्या फिल्मा. सगळ्या क्लाउडवर चढत होत्या.

"हे इथे कुणी टाकलं?"

साहेब खाकरले. "तू लागलीस, तुझा नवा कॉम्प्युटर आला तेव्हा... जागा भरपूर होती, म्हणून मीच जुनं सगळं सामायिक फोल्डरमध्ये ओतलं."

"आणि संध्याकाळी वीज वाचवायला मेन स्विचही तुम्हीच पाडता," नवी म्हणाली. " फिल्म अर्धी चढते, बंद पडते, सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू. इंटरनेटचा बाहेर जायचा रस्ता एकच आणि अरुंद. तो या फिल्मने दिवसभर अडवून धरलाय. आमची ड्रॉइंगं मागे ताटकळणार नाहीत तर काय? गुरूंनी सगळे कॉम्प्युटर बंद करवले, त्यात हाही बंद झाला. चमत्कार तेवढाच."

सगळे लहरीगुरूंकडे वळले, तोवर त्यांचे चकचकीत बूट जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वाजत होते.

"झालं तर मग," साहेब नजर चुकवत पुटपुटले. "लाग कामाला."

"असं नाही, साहेब." नवी जागची हलली नाही. "हात जड आहे हे सगळ्यांसमोर झालं. नाही हेही सगळ्यांसमोर होऊ द्या."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला, आणि खाली वर्कशॉपपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक माझी होती. हिची नव्हती."

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. यंत्र अडतं, दूध नासतं, मूल आजारी पडतं, आणि कुणीतरी एखाद्या माणसाकडे बोट दाखवतं. तेव्हा हात जोडू नका. त्या माणसाला घटकाभर बाहेर उभं करा, बाकी सगळं होतं तसंच चालू ठेवा, आणि काय होतं ते बघा. त्याला फार शिक्षण लागत नाही. फक्त बाहेर उभ्या असलेल्या माणसाला पुन्हा आत बोलावण्याची तयारी लागते.