मोतीतीर्थ आणि गावरान अंडं

दिंद्रुडच्या बाजारात त्या दिवशी सगळे तोंड वासून उभे होते. निम्मे आश्चर्यानं, निम्मे दात दाखवायला.

ओट्यावर मोतीनाथ महाराज बसले होते. "चाळीस वर्षं हिमालयात तप केलं, तेव्हा हे मोतीतीर्थ गवसलं. पापानं दात पिवळे पडतात, तीर्थानं उजळतात." काडीला कापूस गुंडाळून त्यांनी निळ्या बाटलीत बुडवला आणि हमाल बजरंगच्या दातांवरून फिरवला. चूळ भरताच दात पांढरेशुभ्र. गर्दीनं हात जोडले.

अंडी विकायला आलेल्या मुक्ताबाईची नात धनश्री पुढं सरकली. आठ दिवसांवर तिचं लग्न होतं. "पोरगी चांगली हाय, दात तेवढे पिवळे हायेत," असं होणारी सासू बोलून गेली, तेव्हापासून धनश्री ओठ मिटूनच हसायची.

मुक्ताबाईनं तिचा दंड धरला. बाटलीचा उग्र वास म्हातारीच्या ओळखीचा होता. साठ वर्षांपूर्वी तिचे वडील धुळाजी बैलांचा व्यापार करत. दात बघितल्याशिवाय कुणी बैल घेत नसे. एका दलालानं तेजाबानं, म्हणजे ॲसिडनं, दात घासलेला म्हातारा बैल तरणा म्हणून त्यांच्या गळ्यात मारला. दात मोत्यासारखे, पण महिन्याभरात त्याला कडबा चावेना. थंड पाण्याला तोंड लावलं की मान झटकायचा. धुळाजींनी शेवटपर्यंत त्याला कडब्याची बारीक कुट्टी भिजवून घातली.

"महाराज, आधी हे उजळा." विकायला आणलेलं तांबूस गावरान अंडं तिनं पुढं केलं.

"माय, अंड्याला कसलं पाप?"

"मग बजरंगाला कसलं? गोणी उचलतो बिचारा."

लोक हसले. महाराजांनी ऐटीत अंडं वाटीत ठेवून वर तीर्थ ओतलं. फसफसून बुडबुडे आले आणि अंडं पांढरं झालं.

"बघा, कोंबडीसुद्धा पावन झाली."

"ऱ्हाऊ द्या अजून," मुक्ताबाई म्हणाली. "तप चाळीस वर्सांचं हाय, घाई कशापायी?"

बऱ्याच वेळानं तिनं ते चमच्यानं काढलं, धुतलं आणि अंगठ्यानं हलकेच दाबलं. टरफल पापुद्र्यासारखं फाटलं; बलक महाराजांच्या कफनीवर ओघळला.

"दातबी असाच उजळतो."

बजरंगनं दातांवरून जीभ फिरवली. "मावशी, माझे तर लई आंबल्यावानी झालेत." त्यानं आधी बाटली ताब्यात घेतली, मग महाराजांना.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई, धनश्री आणि बजरंग बाटली घेऊन माजलगावला दातांच्या डॉक्टर संगीताकडे गेले. "हे फरशी धुवायचं ॲसिड आहे," बाटली बघून ती म्हणाली. "दाताचं वरचं कठीण आवरणच खातं, आणि ते पुन्हा उगवत नाही. कोळसा, मिश्री, लिंबू, काहीच चोळू नका. मऊ ब्रशनं दोनदा घासा. डाग वाटला तर मला दाखवा. काय निघतं, काय नाही, ते तपासूनच ठरतं." बजरंगच्या दातांना तिनं औषध लावलं, धनश्रीचे साफ केले. थोडा पिवळेपणा राहिला. तो दातांचा मूळ रंगच.

लग्नाच्या फोटोत धनश्री तोंडभर हसली आहे. तो दाखवताना मुक्ताबाई प्रत्येकाला सांगते, "क्षणात उजळवणारा भेटला, तर हात जोडायच्या आधी इचारा बाबांनो: पांढरं झालं ते दिसलं, पण झिजलं काय?"