मातीला पाय

"नाक पुढे घ्या, बापाक. अजून थोडं. नाक पायाच्या बोटांपुढे गेलं की बूड आपसूक उचलतं."

रेत्नो सासऱ्यांसमोर, पाक कार्सोंसमोर, उकिडवी बसली होती. त्यांना ती बापाक, म्हणजे बाबा, म्हणे. पाठीशी कापडाच्या झोळीत तिचा तान्हा दामार झोपला होता. पाक कार्सोंनी खुर्चीच्या दांड्यांवर पंजे रोवले, नाक पुढे नेलं. मानेची शीर टरारली, गुडघे कटकटले आणि म्हातारा उभा राहिला. वाऱ्यातल्या बांबूसारखा हलत होता, पण उभा होता.

"दुखतंय का?"

"नाही गं." ते हसलेसुद्धा.

या हसण्याचीच रेत्नोला भीती वाटे. उभ्या जन्मात या माणसाने कुणाला नाही म्हटलं नव्हतं. सायकलरिक्षा ओढायचे तेव्हा गिऱ्हाईक म्हणेल ते भाडं आणि म्हणेल तो रस्ता. आता दुखतंय का म्हणून विचारावं, तर विचारणाऱ्याला बरं वाटेल तेच उत्तर मिळायचं. मग तिने त्यांचा चेहरा वाचायचा, पायांची बोटं वाचायची. बाळाच्या रडण्याचे अर्थ लावता लावता ही विद्या तिला येऊ लागली होती, पण खात्री कशाचीच नव्हती.

गेल्या पावसाळ्यात तापाने त्यांना दोन महिने अंथरुणाला खिळवलं. ताप उतरला, पण पाय परतले नाहीत. आरोग्यकेंद्रातल्या व्यायामोपचाराच्या युनीबाईंनी गुडघा वाकवून, दाबून पाहिला होता.

"मोडलेलं काही नाही," त्या म्हणाल्या होत्या. "ताकद गेलीय. दुखणं म्हणजे मोडणं नव्हे. थोडं दुखेल, दुखू दे. रात्रभर ठणकलं किंवा सूज आली तर दुसऱ्या दिवशी कमी करा, पण बंद करू नका. आणि ऐक, पाणीसुद्धा हातात देऊ नकोस. उठून घेऊ देत."

"मी बसून राहू? आणि सासऱ्यांनी उठून पाणी घ्यायचं?"

"हो. तू अगदी पाय पसरून बस," युनीबाई हसल्या. "या वयात गेलेली ताकद परत यायला फार रडवते. आत्ता उठले नाहीत, तर पुढे उठायचेच नाहीत."

रेत्नोला हसू आलं नव्हतं. पण एक गोष्ट तिने मनात धरली. दामारचा मातीला पाय लावायचा विधी जवळ आला होता. तोवर पोराचं पाऊल जमिनीला लागू द्यायचं नाही, म्हणून घर त्याला आळीपाळीने कडेवर घेऊन फिरत होतं. त्या दिवशी तो पहिल्यांदा रंगीत चिकटभातावर पाय ठेवणार, मग उसाच्या शिडीवर चढणार. पाक कार्सो एकदा आपणहून म्हणाले होते, "शिडीवर त्याचा हात मी धरीन. उभा राहून." त्यांनी आयुष्यात काही मागितलेलं रेत्नोने तेवढंच ऐकलं होतं.

म्हणून रोज सकाळी नाक पुढे. खुर्चीपासून दारापर्यंत, मग दारापासून पाण्याच्या माठापर्यंत. एकदा त्यांनी स्वतः पेला भरला आणि अर्धा सांडत तिच्यापुढे धरला. रेत्नो झोळीच्या कापडाआड रडली.

मग सासऱ्यांची थोरली बहीण विधीच्या तयारीला येऊन राहिली. सगळे तिला बुडे, म्हणजे थोरली आत्या, म्हणत. पहिल्याच सकाळी तिने भावाला माठाकडे चालताना पाहिलं आणि हातातलं सूप खाली टाकलं.

"अगं बाई! हा पाणी आणतोय आणि तू बसलीयस?"

"बुडे, आरोग्यकेंद्रातल्या बाईंनीच सांगितलंय..."

"कॉलेजात हेच शिकवलं होय तुला? सासऱ्याला राबवायचं?" शेजारणीला ऐकू जाईल इतपत तिने आवाज चढवला. "जन्मभर याने पायडल मारलं. आता तरी पायाला सुख दे. कार्सो, दुखतंय ना रे?"

"हो," पाक कार्सो म्हणाले.

"बघ!"

रेत्नोने त्यांच्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. तिने विचारलं तर 'नाही', बहिणीने विचारलं तर 'हो'. खरं कुठलं? आपण खरंच त्यांचे हाल करत असलो तर?

रात्री जेवताना तिचा नवरा तेगुहही वरमून म्हणाला, "विधी होईपर्यंत राहू दे ना तुझा व्यायाम. लोक काय म्हणतील? मी बापाकना चांगली गादीची खुर्ची आणतो."

"पण तेवढ्यात ताकद जाईल अहो."

"बसून कुणाची ताकद जाते का!"

रेत्नोने मान डोलावली. तिला वाटलं होतं त्याहून लवकर डोलावली.

त्यानंतर विधीपर्यंतचे काही आठवडे घरातल्या मायेला पूर आला होता. पाणी हातात, भात तोंडात. अंगणात न्यायचं तर दोघे पुतणे खुर्चीसकट उचलत. आले-गेले म्हणत, "नशीबवान आहात, पाक कार्सो." ते म्हणत, "हो."

विधीच्या दिवशी दामारला सात रंगांच्या भातावरून चालवलं. चिकट भात बोटांत अडकला म्हणून तो खिदळला आणि सगळं अंगण हसलं. मग शिडी आली, लालभडक उसाची. रेत्नोने सासऱ्यांकडे पाहिलं. गादीच्या खुर्चीत, नव्या बातिकच्या सदऱ्यात ते बसले होते.

तिने पाहिलं, त्यांचे पंजे दांड्यांवर गेले. नाक हळूच पुढे आलं. अजून थोडं. पायाच्या बोटांपुढे.

"अहो, अहो! पडाल!" तिघे धावले. चार हातांनी त्यांचे खांदे धरले, मागे टेकवले, पाठीशी उशी सरकवली.

"बस बाबा, बस," बुडे मायेने म्हणाली. "मी धरते त्याला."

रेत्नोच्या कडेवर दामार होता. 'सोडा त्यांना' एवढे दोनच शब्द होते. ते जिभेपर्यंत आले आणि पाहुण्यांच्या गर्दीत तिथेच राहिले.

"हो," पाक कार्सो म्हणाले.

दामार बुडेच्या हाताने शिडी चढला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले, बुडेही गेली. रेत्नो खुर्चीसमोर उकिडवी बसली. "उठायचं, बापाक? नाक पुढे?"

"हो," ते म्हणाले आणि बसून राहिले. हात मांडीत तसेच होते. तिने मांडीवर हात ठेवून पाहिला. मांडी लुळी, तिच्या दोन पंज्यांत मावेल एवढी.

आठवड्याने युनीबाई आल्या. त्यांनी गुडघा पाहिला, मग रेत्नोकडे पाहिलं आणि पाय अलगद खाली ठेवला. 'पुढे उठायचेच नाहीत' हे त्यांचे शब्द तिला आठवले.

आता संध्याकाळी ती दोघांचे पाय पुसते, आधी नातवाचे, मग आजोबांचे. रिक्षावाल्याच्या त्या टाचांवर पूर्वी भेगा होत्या. विडी विझवायला टाच पुरते, असं ते गमतीने म्हणत. आता त्या लोण्यासारख्या झाल्या आहेत. चालायला लागल्यापासून दामार दिवसभर अंगणात हुंदडतो. त्याच्या टाचांतली माती कितीही घासली तरी निघत नाही. फडकं काळं होतं, पाणी काळं होतं.

मग ती पाक कार्सोंचं पाऊल हातात घेते. तिथे पुसायला काहीच नसतं.