तीन आठवड्यांचा भूतकाळ

मार्लीन सोब्चाक नदीकाठच्या चिखलात पडली ती सरळ तोंडावर. उठून तिनं डोळ्यांतला गाळ पुसला, तर समोर तराफ्याच्या कडेला एक म्हातारा उभा. अंगात ठिगळांचा कोट, डोक्यावर लोकरी टोपी, हातात लांबलचक काठी. तो तिला शांतपणे न्याहाळत होता.

“बाई, पलीकडं जायचं तर दोन बटाटे पडतात,” तो म्हणाला. “चिखल मात्र फुकट आहे. हवा तेवढा घ्या.”

मार्लीनचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. नदी ओळखीची होती. मोनोंगाहिलाच ती, हिच्याच काठावर तिचा जन्म गेला होता. पण नदीवरचा पूल कंबर मोडल्यासारखा पाण्यात बसला होता. पलीकडच्या उंच इमारतींना एक काच म्हणून उरली नव्हती, आणि दहाव्या-बाराव्या मजल्यांवरून झाडं बाहेर डोकावत होती. पिट्सबर्गसारखं शहर, आणि एका गाडीचा आवाज नाही.

ती घाबरली नाही. घाबरायची तिला सवयच नव्हती. गेली वीस वर्षं ती या शहराची परतपावली होती. हे नाव वर्तमानपत्रवाल्यांनी ठेवलेलं. राखाडी पोशाखातलं तिचं चित्र शाळांच्या भिंतींवर असायचं. तिची विद्या एकच होती. ती स्वतःच्या आयुष्यात मागं जाऊ शकत असे, तासभर, दिवसभर, फार तर महिनाभर. पूल पडला की ती त्या दिवशीच्या सकाळी परत जायची आणि पूल बंद करायला लावायची. आग लागली की आग लागण्याआधी पोचायची. मागं जाताना सगळं मिटून जायचं, जखमसुद्धा. फक्त भूक मिटत नसे. प्रत्येक फेरीला पोटात वणवा पेटायचा.

हार्लन क्विस्ट नावाच्या माणसानं मात्र तिच्यावर तोड शोधली. शहरावर संकटं आणायची आणि खंडणी उकळायची, हा त्याचा धंदा. मार्लीननं त्याचे सहा बेत उधळले होते. सातव्या वेळी त्यानं तिला एका जुन्या गोदामात, कसल्याशा यंत्रासमोर गाठलं.

“तुला मारून फायदा नाही, तू परत येतेस,” तो म्हणाला होता. “त्यापेक्षा तू नवव्या वर्षीच मेलीस अशा जगात जा. अडतीस वर्षं पुढं. आणि तिथं शोध मागची वाट.”

त्यानं दांडा ओढला तेव्हा मार्लीन हसली होती. एक पाऊल मागं टाकलं की झालं, त्यात काय एवढं?

आता तिनं ते पाऊल टाकलं, आणि चिखलात तोंडावर पडली.

“बाई, पलीकडं जायचं तर दोन बटाटे पडतात. चिखल मात्र फुकट आहे...”

तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा चिखल, पुन्हा बटाटे. त्या क्षणाच्या मागं काही नव्हतंच. अंधारात पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि तिथं जिनाच नसावा, तसं. ती जायची ती स्वतःच्या जगलेल्या दिवसांत, आणि या जगात तिचा जगलेला एकही दिवस नव्हता. एकतिसाव्या वेळी ती चिखलातून उठलीच नाही. बसल्या जागी म्हाताऱ्याच्या सुरात सूर मिळवून म्हणाली, “...हवा तेवढा घ्या.”

म्हातारा चपापला. “हे तुम्हाला कसं कळलं?”

“ऐकलंय.”

“कुठं?”

“इथंच.”

म्हाताऱ्यानं टोपी मागं सारून डोकं खाजवलं. “तुम्ही उपाशी दिसताय,” तो म्हणाला. हे शंभर टक्के खरं होतं.

त्यानं तिला टेकडीच्या पायथ्याच्या जुन्या चर्चमध्ये नेलं. चर्चच्या तळघरात वस्तीची खानावळ होती, आणि खानावळीवर ओडेसा व्हिटलॉकचं राज्य होतं. ही सत्तरीची काळी, दणकट बाई. माणसानं आधी जेवावं आणि मग काय ते बोलावं, असा तिचा कायदा.

“लेनी सोब्चाक!” ती चुलीपाशूनच कडाडली. “पाय पूस! आत्ताच फरशी पुसलीय मी.”

मार्लीनचा चमचा ताटातच थांबला. तिनं मान वर करून म्हाताऱ्याकडं पाहिलं. तो पायपुसण्यावर एकेक बूट घासत होता. आधी डावा, मग उजवा, आणि मग पुन्हा डावा. तिचा धाकटा भाऊ लहानपणापासून अस्साच करायचा.

“तुझं नाव काय, पोरी?” ओडेसानं विचारलं.

“मार्था,” मार्लीन म्हणाली, आणि खाली मान घालून कोबीत परतलेल्या शेवया गिळू लागली. तिनं आठ ताटल्या संपवल्या. ओडेसानं नववी वाढली आणि लेनीला म्हणाली, “हिला जिथून आणलीस तिथं अजून कुणी असतील, तर आधी सांगून आण रे बाबा.”

तिनं लेनीला काही सांगितलं नाही. तिला इथं राहायचंच नव्हतं. ज्याची बहीण त्र्याहत्तर वर्षांपूर्वी नदीत गेली, त्याला “मी आले” म्हणायचं आणि आठवड्यात पुन्हा निघून जायचं, हे तिला पटेना. रोज सकाळी ती क्विस्टच्या गोदामाची जागा धुंडाळायला जायची. पण या जगात तिथं गोदाम कधी झालंच नव्हतं, कपडे धुण्याचा कारखाना होता. गंजलेल्या पिंपांच्या रांगा, आणि एका पिंपात रॅकूनचं बिऱ्हाड. पिल्लं तिच्याकडं बघून दात विचकायची.

दुपारी ती ओडेसाला कांदे चिरून द्यायची आणि शहर कसं गेलं ते ऐकायची. सुटलेल्या मालवाहू नावा पुलाच्या खांबावर आपटल्या, ते एक. नदीच्या वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना फुटला, ते दुसरं. मग धरण. एकेका संकटाचा दिवस मार्लीनला तोंडपाठ होता, कारण एकूण एक तिनं अडवलेलं होतं.

एकदा तिला राहवलं नाही. “त्या दिवशी कुणी नावांचे साखळदंड बघून घेतले असते ना,” ती म्हणाली, “तर हे काहीच झालं नसतं. एक माणूस पुरे होता.”

“एक माणूस?” ओडेसानं पळी खाली ठेवली. “अगं, इथं लाखांनी माणसं होती. साखळदंड कुजलेत हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक होतं. माझा नवराच नावांवर कामाला होता, त्यानं तीनदा लिहून दिलं होतं. कुणीतरी येईल आणि बघेल म्हणून बसले सगळे. आता इथं दोनशे जण आहोत. छप्पर गळलं तर ज्याला दिसतं तो चढतो.” मग तिनं मार्लीनकडं निरखून पाहिलं. “तुझं डोकं दारातून आत कसं मावतं गं? बारीक चीर तो कांदा.”

मार्लीनला आधी राग आला. मग वीस वर्षांत पहिल्यांदाच खांदे हलके वाटले, आणि तिनं कांद्याच्या नावाखाली पोटभर रडून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात पलीकडच्या काठावर लग्न निघालं. दोन दिवस वरच्या डोंगरांत पाऊस झालेला, नदी तांबडी फुगलेली. तराफा एका पोलादी दोराच्या आधारानं चालायचा, या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेल्या. अकरा वऱ्हाडी, ओडेसा आणि तिची भांडी घेऊन लेनीनं तराफा सोडला. मार्लीन काठावरून बघत होती. ऐन मध्यावर दोर तुटला. बंदुकीसारखा आवाज झाला, तराफा उभा राहिला आणि उलटला.

मार्लीननं उडी घेतली. दोघांना तिनं बाहेर काढलं. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा पाण्यावर फक्त एक लोकरी टोपी गिरक्या घेत चालली होती.

तिनं डोळे मिटले आणि पाऊल मागं टाकलं. मनात धाकधूक होती. पण या खेपेला पायरी होती. तीन आठवड्यांचा का होईना, पायाखाली तिचा स्वतःचा भूतकाळ होता. डोळे उघडले तेव्हा तासभर आधीची वेळ होती, ती चर्चच्या अंगणात होती आणि हातात अर्धा कांदा होता.

ती धावत सुटली. लेनी तराफ्यावर भांडी बांधत होता.

“आज जाऊ नका. दोर तुटणार आहे.”

“कालच पाहिलाय मी. ठणठणीत आहे.”

“मध्यावर तुटणार. आतून गंजलाय.”

“मार्थाबाई,” लेनी म्हणाला, “पंचवीस वर्षांत माझी एक फेरी चुकलेली नाही. पलीकडं नवरी खोळंबलीय. तुम्ही तीन आठवड्यांच्या पाहुण्या, मला दोर शिकवू नका.”

वऱ्हाडी एकेक करून चढू लागले. एक जाडगेला काका ओरडला, “चला हो, तिकडं डुक्कर भाजून गार होईल!” ओडेसा तेवढी काठावर थांबली होती. ती या दोघांकडं बघत होती.

मार्लीननं लेनीची बाही धरली आणि त्यालाच ऐकू जाईल असं बोलली.

“लेनी, तू सहा वर्षांचा होतास. लाल हातमोजा वाऱ्यानं उडाला असं तू आईला सांगितलंस. तो उडाला नव्हता. मी तुला घसरगाडीवर बसू दिलं नाही, म्हणून रागानं तूच तो गोठलेल्या नदीच्या बर्फावर भिरकावलास, आणि जा, आण म्हणालास.”

लेनीच्या हातातली काठी पाण्यात पडली. ती काढायला तो वाकला नाही. भांड्यांच्या गाठोड्यावर मटकन बसला.

“हे मी कुणाला सांगितलेलं नाही,” तो म्हणाला. “पाद्र्यालासुद्धा नाही.”

“माहीत आहे.”

“मार्ली?”

“उतर खाली, लेनी. सगळ्यांना उतरव.”

तो उतरला. सगळ्यांना उतरवलं. काका तणतणले, नवऱ्या मुलाच्या आईनं म्हाताऱ्याला वेड लागल्याचं जाहीर केलं. ओडेसा म्हणाली, “लेनी उतरा म्हणतो तर उतरा. माझी भांडी आधी.” लेनीनं रिकामा तराफा पायानं ढकलून दोरावर सोडला. मध्यावर जाताच पाण्यानं त्याला ओढलं, बंदुकीसारखा आवाज झाला, आणि तराफा उलटापालटा होत पुलाच्या मोडक्या खांबांवर जाऊन फुटला.

काकांनी टोपी काढली. मग ओडेसा म्हणाली, “बरं, आता या अकरा जणांना इथंच जेवायला घालावं लागणार,” आणि भांडी उचलून चालू लागली.

लेनी आणि मार्लीन मागं राहिले. तिनं त्याला सगळं सांगितलं. क्विस्ट, यंत्र, चिखल, एकतीस वेळा ऐकलेले बटाटे. शेवटी त्यानं एकच विचारलं.

“तुझ्या तिकडं... तू आणलास का हातमोजा?”

“बर्फ फुटला, मी आत गेले, आणि कशी कोण जाणे, दोन मिनिटं मागं आले. पहिल्यांदाच. मग तुला म्हटलं, तूच आण जा. तू भोकाड पसरलंस. घरापर्यंत रडत आलास. हातमोजा हरवला म्हणून आईनं दोघांनाही बदडलं.”

“दोघांनाही?”

“तुला जास्त.”

लेनी आधी खुदकन हसला, मग मोठ्यानं, मग हसता हसता तोंड झाकून रडला, आणि मग पुन्हा हसला. त्र्याहत्तर वर्षांचं ओझं असं एका फटक्यात उतरत नसेल. पण त्या दिवशी टेकडी चढताना त्याला काठीची आठवण झाली नाही, हे ओडेसानं पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं.

नवा दोर शोधायला पाच दिवस गेले. पूर्वी टेकडीवर दोरानं ओढली जाणारी डब्यांची गाडी होती, तिचा पोलादी दोर गवतात पडून होता. चाळीस माणसांनी तो खांद्यावर घेऊन खाली आणला. काका सगळ्यांत पुढं. तो कुठं बांधायचा यावरून भावा-बहिणीचं कडाक्याचं भांडण झालं.

“खालच्या खांबाला बांध,” मार्लीन म्हणाली.

“वरच्या.”

“मी मोठी आहे.”

“तू चव्वेचाळीसची, मी एकोणऐंशीचा!”

“म्हणून काय झालं? तीन वर्षांनी मोठी आहे मी.”

दोर खालच्या खांबाला बांधला गेला. शेवटचा खिळा ठोकला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. मार्लीननं गाठी पुन्हा पुन्हा तपासल्या. तिच्याआधी आणखी सहा जणांनी त्या तपासल्या होत्या, आणि हे बघून तिला फार बरं वाटलं. गोदामाच्या जागेकडं ती नंतर एकदाच गेली. रॅकूनची पिल्लं मोठी झाली होती, पिंप सोडून कुठं कुठं पांगली होती.

दहा दिवस उशिरा का होईना, लग्न लागलं. पलीकडच्या काठावर लेनीनं तिला नवरीच्या आजोबांसमोर उभं केलं.

“ही माझी थोरली बहीण.”

आजोबांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. “दारू कितवी रे, लेनी?”

“पहिलीच आहे.”

“मग ही खातेपिते काय ते आम्हालाही सांगा.”

जेवणं झाल्यावर दोघं बाकावर बसले. लेनीनं विचारलं, “तिकडचा मी कसा होतो गं?”

“टक्कल पडलेला. दूर ॲरिझोनात राहायचास. नाताळाला फोन करायचास.”

“आणि तू?”

“मी कामात असायचे. कधी उचलायचे, कधी नाही.” त्या लेनीसाठी तिच्या पोटात तुटलं, आणि ते तसंच तुटत राहणार हे तिला कळत होतं. “चांगला होतास तू. मीच कधी निवांत बसले नाही.”

लेनीनं तिच्या हातातली रिकामी ताटली घेतली, आपल्या ताटलीवर ठेवली आणि म्हणाला, “आता बसलीयस ना. बस मग.”

पलीकडं नाच सुरू झाला होता. काका ओडेसाला नाचायला चला म्हणून गळ घालत होते आणि ती त्यांना आधी पाय पुसायला सांगत होती. मार्लीन बसून राहिली. तिला कुठंही जायचं नव्हतं.