कोणाच्या हातची काडतुसं

व्हर्ल जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि मी त्याची रायफल घेऊन मैदानावर उभी होते. आमच्या विलकॉक्स गावच्या नेमबाजी क्लबात रीतच आहे. सभासद गेला की एप्रिलच्या स्पर्धेतले पहिले बार त्याच्या घरच्या माणसाने, त्याच्याच रायफलीतून काढायचे. घरचं माणूस म्हणजे मी. नवऱ्याच्या पश्चात मला दुसरं काही मागायचं नव्हतं. त्याने घरी शेवटची भरून ठेवलेली काडतुसं त्याच्याच रायफलीतून उडवायची, एवढंच मनात होतं.

ती काडतुसं कॉफीच्या डब्यात होती. व्हर्लने कधी डब्यावर चिठ्ठी लावली नाही. सगळं डोक्यात. 'निळा डबा नेडीनचा,' म्हणजे माझा, एवढं मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बार काढण्याआधी सगळ्यांना एका लांब टेबलापाशी यावं लागतं. तिथेच रायफल भरायची, आणि तीही टेबलावरच्या माणसासमोर. गेली कित्येक वर्षं तो माणूस म्हणजे हार्लन योकम. क्लबात प्रत्येकाला एक जुन्या काऊबॉय जमान्यातलं नाव घ्यावं लागतं. हार्लनचं नाव काकवी, कारण तो काकवीसारखाच सावकाश हलतो. माझं नाव व्हिनेगर मावशी. हे नाव व्हर्लने ठेवलं, आणि अख्ख्या क्लबात कोणालाही त्याचं कारण विचारावंसं वाटलं नाही.

मी पहिलं काडतूस रायफलीच्या बाजूच्या झडपेशी नेलं. हार्लनने झडपेवर तळहात ठेवला.

"कोणी भरलीत?"

"व्हर्लने."

"मग नाही."

मागे रांग होती. लांब घागरे, चामड्याचे पट्टे, टोप्या, सगळे बघत होते.

"हार्लन, हात काढ. वीस वर्षं मी त्याचीच काडतुसं उडवतेय."

"तेव्हा व्हर्ल होता. काय भरलंस म्हणून विचारता यायचं. आता कोणाला विचारू?"

"म्हणजे तुझा त्याच्यावर विश्वास नाही."

"व्हर्लवर आहे गं. डब्यावर नाही."

दुसऱ्याच्या हातची काडतुसं उडवायची नाहीत, हा नियम मलाही पाठ होता. पण नवरा म्हणजे दुसरा का? मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्याच्या मिशांवरून बोलले, त्याच्या आईवरूनही बोलले. ती बिचारी भली बाई होती. हार्लनने सगळं ऐकून घेतलं आणि तळहात तिथेच ठेवला.

"स्पर्धा उद्याही आहे," तो म्हणाला. "पहिला बार उद्या काढ. दुपारी डबा घेऊन माझ्या गॅरेजात ये. उघडून बघू. चांगली निघाली तर मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

त्या माफीसाठी मी गेले. बीन्स आणि मक्याचा ब्रेड त्याच्या बायकोने पुढे ठेवला, ते मी रागारागात खाल्लं. मग हार्लनने एक पोकळ हातोडी काढली. तिच्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटलं की गोळी आणि बंदुकीची दारू सुटी होऊन पडते. पहिली गोळी पडली. मऊ शिशाची, चपट्या तोंडाची, व्हर्लने मागच्या अंगणात ओतलेली. आमच्या रायफली दीडशे वर्षांपूर्वीच्या घडणीच्या असतात, घडवलेल्या मात्र हल्ली, इटलीत. त्यांत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. गोळी टोकदार असली तर तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर टेकतं आणि धक्क्याने आतल्या आत बार होऊ शकतो. म्हणून तोंड चपटं.

"गोळी बघ," मी म्हणाले. "काढ खोड."

"गोळी सुरेख आहे."

त्याने दारू तराजूत ओतली. बघितली. तराजू पुसला, वजन ठेवून तपासला आणि दुसरं काडतूस फोडलं. मग तिसरं.

"बोल की. काकवी दाताला चिकटली का?"

"नेडीन, यात दारू चवीपुरती आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे यातली काही उडतील. एखाद्यात नुसतं फुस्स होईल आणि गोळी नळीतच अडकेल. तुझ्या कानात बोळे, तुला कळणारही नाही. तू सवयीने लिव्हर ओढशील आणि मागून दुसरी सोडशील. नळी फुटेल, तुझ्या तोंडासमोर."

मी स्टुलावर बसले. व्हर्लचा हात चुकणं शक्यच नव्हतं. मेथीचे दाणे मोजावेत तशी तो दारू मोजायचा. आणि मग माझ्या लक्षात आलं.

माझा खांदा. वर्षभर दुखत होता. प्रत्येक स्पर्धेनंतर गाडीत बसलो की व्हर्ल विचारायचा, 'दुखला का?' मी म्हणायचे, 'दुखला.' तो म्हणायचा, 'बघतो मी.' पुढच्या वेळी काडतूस जरा नरम असायचं, म्हणजे दारू जरा कमी. डिसेंबरातही त्याने विचारलं, आणि डिसेंबरातही मी दुखला म्हणाले.

हे मी हार्लनला सांगितलं. त्याने तराजूतली दारू कागदावर ओतली.

"हात चुकला नाही त्याचा," तो म्हणाला. "त्याला थांबवलं नाही कोणी."

मी रडले, तेही नाक शिंकरत, अगदी बेंगरूळ. रडता रडता हार्लनला म्हणाले, की सकाळी तुझ्या आईबद्दल बोलले ते परत घेते. मिशांचं तेवढं कायम.

"मिशांचं बायकोही म्हणते," तो म्हणाला. "ऊठ आता. पितळी पुंगळ्या व्हर्लच्या, गोळ्या व्हर्लच्या. दारू नवी घेऊ, मापांच्या पुस्तकात दिली आहे तितकीच. पण भरायचं तू."

"मला येत नाही."

"म्हणून तर मी इथे बसलोय."

संध्याकाळपर्यंत मी त्याच्या काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा ओढत राहिले. प्रत्येक पुंगळीत दारू पडली की हार्लन दिव्याखाली धरून आत बघायचा, मग मलाही बघायला लावायचा. त्यानंतरच वर गोळी बसवायची. दोन पुंगळ्या मी वाकवल्या. तो रागावला नाही. आयुष्यात मला शिकवताना न रागावलेला हा दुसरा माणूस.

"दणका बसेल हं उद्या," तो म्हणाला.

"बसू दे."

रविवारी सकाळी मी पुन्हा टेबलापाशी गेले. रांग कालचीच, कालच्यापेक्षा गप्प.

"कोणी भरलीत?" हार्लनने विचारलं. जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

"मी."

त्याने तळहात बाजूला केला.

मी बार काढले. निशाणाच्या पत्र्याच्या पाट्या ठणठणल्या, एक सोडून सगळ्या. प्रत्येक बाराला रायफलीचा दस्ता दुखऱ्या जागीच बसला, आणि वर्षभरात पहिल्यांदा मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. मी जिवंत होते, तोंड जागेवर होतं, आणि हे दोन माणसांमुळे होतं. एकाने माझा खांदा जपला. दुसऱ्याने बाकीची मी जपली.

रायफल रिकामी दाखवून मी परत आले. हार्लन माझ्याजवळ आला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दुखला का?"

व्हर्ल गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"दुखला," मी म्हणाले. "पण तू काही कमी करू नकोस."